आयटम मोट बघायला जाण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमधल्या केंटमध्ये राहायला आल्यापासून घरी उतरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक पाहुण्याला मी एकदा तरी आयटम मोट या इथल्या खंदकाने वेढलेल्या मध्ययुगीन मॅनर हाउसमध्ये नेलं आहे. परत गेल्यावर फोटो लावताना त्यांचे प्रश्न येतात. मग ते फोटो बघणाऱ्यांचे येतात. तेच तेच पुन्हा लिहिण्यापेक्षा उत्तरं एकदाच नीट मांडून ठेवली आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्यात पुन्हा सांगितलेली नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. नावाचा उच्चार नक्की काय? इंग्रजी स्पेलिंग वाचून जीभ अडखळते.

‘आयटम’. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, तिकीट खिडकीवर नको. गावाचं नावच तसं आहे आणि तिथल्या कोणालाही त्यात काही वावगं वाटत नाही. घराभोवती बारा महिने पाणी असलं तरी ‘मोट’चा आपल्या विहिरीवरच्या मोटेशी काही संबंध नाही. या शब्दाचे दोन अर्थ लावतात. एक खंदक, दुसरा जुन्या इंग्रजीतली गावसभा. पुलावर उभं राहून खाली पाण्यात बघितलं की पहिलाच अर्थ पटतो, पण दुसऱ्याची बाजू घेणारेही आहेत.

२. मॅनर हाउस म्हणजे राजवाडा, किल्ला की नुसतं मोठं घर?

‘मॅनर’ हे मुळात घराचं नाव नव्हे, जमिनीवरच्या हक्काचं आहे. एका मालकाकडे अमुक इतकी शेती, कुरणं आणि जंगल. त्या जमिनीवर राबणारी कुळं, त्यांच्याकडून येणारा खंड किंवा वेठ, आणि त्यांचे बारीकसारीक तंटे सोडवणारी त्याची स्वतःची सभा. हा सगळा कारभार ज्या घरातून चाले, ते मॅनर हाउस. आपल्याकडच्या देशमुखाच्या गढीच्या जवळपास जाणारी ही कल्पना आहे. फरक एवढाच की गढी उंचवट्यावर बसते आणि आयटम मोट दरीच्या खळग्यात लपून बसलं आहे. वाहनतळावरून उतरत आलात तरी शेवटच्या वळणापर्यंत ते नीट दिसत नाही.

अठराव्या शतकातली पांढऱ्या खांबांची, दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखी दिसणारी प्रचंड घरं वेगळी. मालिकांमुळे आपल्या डोळ्यांसमोर तीच येतात. किल्ल्याबद्दल प्रश्न ५ पाहा.

३. हे कोणी आणि कधी बांधलं? आर्किटेक्ट कोण?

आर्किटेक्ट कोणीच नाही, आणि ‘कधी’चं एकच उत्तर नाही. सगळ्यात जुना भाग साधारण १३३० च्या दशकातला. हे कागदावरून नाही, लाकडावरून कळलं. ओकच्या खोडात दरवर्षी एक वलय वाढतं. पावसाच्या वर्षी ते जाड होतं, कोरड्या वर्षी बारीक. तुळईतल्या जाड-बारीक वलयांचा क्रम त्या प्रदेशाच्या ठाऊक असलेल्या क्रमाशी जुळवला की झाड साधारण कधी तोडलं ते सांगता येतं. त्या काळी ओक वाळवत बसत नसत, ओलाच वापरत. म्हणून झाड तोडल्याचं वर्ष हेच बहुतेक वेळा बांधल्याचं वर्ष असतं.

सुरुवातीच्या मालकांपैकी सर थॉमस कॉन हा चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. चिलखत घालून पहुडलेली त्याची दगडी मूर्ती आयटम गावच्या चर्चमध्ये आहे. पंधराव्या शतकात घर हॉट कुटुंबाकडे होतं, १५२१ मध्ये ते रिचर्ड क्लेमेंटने घेतलं, १५९१ पासून जवळजवळ तीनशे वर्षं सेल्बी राहिले आणि १८८९ मध्ये ते कोल्यर-फर्ग्युसन यांच्याकडे गेलं. प्रत्येकाने आपापली भर घातली, पण जुनं मुळापासून उखडून नवं बांधण्याएवढा पैसा किंवा हौस कोणालाच नव्हती. माझ्या मते घर टिकलं ते यामुळेच. यातला एखादा मालक फार श्रीमंत झाला असता, तर आज इथे प्रश्न २ मधलं पांढऱ्या खांबांचं घर दिसलं असतं.

४. आत गेल्यावर आपण नक्की कुठे असतो? फोटोवरून नकाशा कळत नाही.

वाड्याची सवय असलेल्याला दोन मिनिटांत कळेल. पश्चिमेला दगडी बुरुजासारखं प्रवेशद्वार. त्यातून आत आलात की फरसबंदी चौक, आणि चौकाच्या चारही बाजूंनी खोल्या. समोर पूर्वेला मोठा हॉल, डावीकडच्या उत्तर बाजूला चॅपल (घरातलं प्रार्थनाघर), उजवीकडच्या दक्षिण बाजूला लाकडी सांगाड्याच्या भिंती. सत्तरहून जास्त खोल्या या एका चौकाभोवती गुंडाळलेल्या आहेत.

वाड्याशी साम्य इथे संपतं. वाड्यात चौकाकडे तोंड करून ओसरी आणि सोपे असतात, माणसं चौकात वावरतात, उन्हात पापड वाळतात. केंटच्या हवेत उघड्या ओसरीचा काय उपयोग! त्यामुळे इथला चौक बसायचा नाही, ओलांडायचा. पूर्वी एका खोलीतून दुसरीत जायलाही बऱ्याचदा तिसरीतूनच जावं लागे. घरात वेगळा बोळ ठेवायची पद्धत इंग्लंडमध्ये बरीच उशिरा रुळली.

५. खंदक आहे, बुरुज आहे, मग हा किल्ला का नाही?

कारण खंदक शत्रूपेक्षा शेजाऱ्यासाठी होता. इंग्लंडमध्ये खंदकाची सुमारे ६,००० ठिकाणं ठाऊक आहेत, त्यातली बहुतेक १२५० ते १३५० या काळातली. एवढ्या सगळ्यांना वेढा पडण्याची भीती नव्हती. खंदक म्हणजे ‘आमची ऐपत आहे’ हे सांगण्याची रीत. शिवाय उपयोग होतेच: भुरटे चोर आणि चुकार गुरं बाहेर राहत, मासे पाळता येत, आग लागली तर पाणी हाताशी असे. आणि संडासाचा नळ थेट खाली सोडता येई. ज्या पाण्यात मासे त्याच पाण्यात हेही, पण त्याबद्दल विचार न करता पुढे जावं.

इथल्या खंदकात ओढ्याचं पाणी खेळवलं आहे, म्हणून ते साचून हिरवं होत नाही. खऱ्या किल्ल्याच्या भिंती फार जाड असतात आणि त्यांत खिडक्या कमी असतात. इथे पाण्यालगतच खिडक्या आहेत. किल्ल्यासारखे दातेरी कठडे बांधायला राजाची परवानगी घ्यायची रीत होती आणि ती मिळणं हीच एक प्रतिष्ठा असे. आपल्याकडे गाडीवर लाल दिवा मिरवायचे, साधारण त्यातलाच प्रकार.

६. मोठ्या हॉलमध्ये नक्की काय बघायचं? आम्हाला रिकामी खोली वाटली.

वर बघा. छप्पर तीन कमानींवर उभं आहे: मधली दगडाची, दोन्ही टोकांच्या लाकडाच्या. कमानी जिथे भिंतीत शिरतात तिथे उकिडवी बसलेली कोरीव माणसं आहेत. खांद्यावर अख्खं छप्पर आलं आहे असा त्यांचा चेहरा. एकाची मान पार दबलेली आहे. लग्नाच्या पंगतीत तिसऱ्यांदा जिलबी वाढायला उठलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या कारागिराला विनोदाचं अंग नक्की होतं.

आता खोली वापरात असतानाची कल्पना करा. मालक, त्याची माणसं, नोकर, पाहुणे सगळे इथेच जेवत आणि त्यातले बरेच इथेच झोपत. अशा हॉलमध्ये सुरुवातीला शेगडी जमिनीच्या मधोमध असे आणि धूर छपरातून वाट काढी. भिंतीतली चूल आणि धुराडं नंतरचं. चौकाकडची मोठी खिडकी पंधराव्या शतकाच्या अखेरची, म्हणजे हॉलपेक्षा दीडशे वर्षांनी तरुण. भिंतीवरचं लाकडी आवरण तर १८७० च्या दशकातलं, रिचर्ड नॉर्मन शॉ या नामांकित व्हिक्टोरियन आर्किटेक्टच्या हातचं. जुनं समजून त्याचेच फोटो सगळ्यात जास्त काढले जातात.

जाता जाता एक: अशा हॉलच्या एका टोकाला ‘बटरी’ आणि ‘पँट्री’ नावाच्या दोन खोल्या असत. बटरीत लोणी नव्हे, पिंपं. पँट्रीत ब्रेड. तिच्या नावामागे ब्रेडसाठीचा जो लॅटिन शब्द आहे, त्यातूनच पोर्तुगीजांमार्फत आपला ‘पाव’ आला.

७. भिंती कशाच्या आहेत? कुठे दगड, कुठे लाकूड, कुठे चुना.

खालचा भाग आणि जुने भाग केंटिश रॅगस्टोनचे. हा स्थानिक, करडा, ओबडधोबड चुनखडक आहे. नीट घडवायला महाकठीण, म्हणून कोपरे आणि चौकटी सोडल्या तर तो आकारात फारसा बसवलेला दिसत नाही. वरचे आणि नंतरचे भाग ओकच्या सांगाड्याचे. सांगाडा म्हणजे शब्दशः सांगाडा: उभे खांब, आडव्या तुळया, तिरके आधार. तुळईच्या टोकाला जीभ काढायची, खांबात खाच पाडायची, दोन्हींतून आरपार भोक पाडून त्यात ओकचीच खुंटी ठोकायची. लोखंडी खिळा नाही. सगळं सुताराच्या आवारात जुळवून, सांध्यांवर रोमन आकड्यांसारख्या खुणा करून, मग सुटं करून जागेवर आणत. जुन्या घरांच्या तुळयांवर त्या खुणा अजून सापडतात.

खांबांच्या मधली जागा भरायला कुडाची भिंत. हो, आपलीच: काठ्यांचा कूड विणायचा, त्यावर माती, गवत आणि शेण कालवून थापायचं आणि वरून चुन्याचा हात द्यायचा. कोकणात आजोळ असलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही. माझ्या सासूबाईंनी माहितीफलक न वाचताच ओळखलं आणि ‘एवढी तिकिटं काढून कूड बघायला आणलंस होय’ म्हणाल्या.

८. काळी लाकडं आणि पांढऱ्या भिंती हा मूळ रंग का?

बहुतेक ठिकाणी नाही. ओक उघड्यावर ठेवला की चांदीसारखा करडा होतो आणि इंग्लंडच्या आग्नेय भागात तो तसाच ठेवत. मधल्या भिंतींना चुन्यात माती मिसळून पिवळट किंवा गुलाबीसर हात देत. डांबरासारखा काळा रंग चोपडायची हौस मुख्यतः एकोणिसाव्या शतकातली. चेशरकडच्या घरांवर तर ती एवढी चढली की ‘ट्यूडर (म्हणजे आठव्या हेन्रीच्या राजघराण्याच्या काळातलं) घर म्हणजे काळं-पांढरं’ हेच जगभर रूढ झालं.

९. काही घरांचा वरचा मजला बाहेर झुकलेला असतो. पडायला आलंय का?

नाही, मुद्दाम काढलेला असतो. खालच्या भिंतीच्या पुढे वाशांची टोकं हात-दीड हात बाहेर काढून त्यांवर वरची भिंत उभी करतात. वर जागा वाढते, खालच्या भिंतीवर पावसाचं पाणी कमी येतं आणि घर जरा रुबाबदार दिसतं. खरोखर झुकलेलं घर बघायचं असेल तर प्रश्न १७ मधलं लिटल मोरटन हॉल बघा.

१०. गाइडने सांगितलं की वाकडी लाकडं जुन्या जहाजांची आहेत. खरं का?

ही गोष्ट इंग्लंडमधल्या प्रत्येक जुन्या घरात आणि निम्म्या पबमध्ये ऐकायला मिळते. जवळजवळ कुठेच खरी नसते. जहाजाचं लाकूड समुद्रापासून आत खेचून आणणं महाग, आणि ओक तर दारात उगवत होता. लाकडं वाकडी असतात कारण ओल्या ओकचं लाकूड वाळताना पिळतं, आणि काही वेळा सुतार मुद्दाम बाक असलेलंच झाड निवडतो. तुळईत विनाकारण खाचा दिसतात त्या बहुधा एखाद्या जुन्या घराच्या. लाकूड पुन्हा वापरायची रीत होतीच, पण घरातून घरात.

११. चॅपलच्या छताचं एवढं कौतुक का? रंग तर उडाले आहेत.

रंग उडाले आहेत म्हणूनच. ते नंतर कोणी भडक करून ठेवलेले नाहीत. पिंपाचा अर्धा काप उलटा धरावा तसं हे लाकडी छत आहे आणि त्यावर आठव्या हेन्रीच्या काळातली राजचिन्हं रंगवलेली आहेत: ट्यूडर गुलाब, किल्ल्याच्या दाराची खाली सरकणारी जाळी, फ्रान्सच्या लिलीचं फूल, आणि राणी कॅथरीन ऑफ अ‍ॅरागॉनची डाळिंबं. रिचर्ड क्लेमेंट दरबारातला लहानसा अधिकारी. छतावर राजा-राणीची चिन्हं रंगवणं म्हणजे आपण कोणाची माणसं हे पाहुण्यांना न बोलता सांगणं.

गंमत पुढे आहे. १५३३ मध्ये हेन्रीने कॅथरीनशी झालेलं लग्न रद्द ठरवून घेतलं. तिची चिन्हं घराघरांतून, चर्चांतून पुसली जाऊ लागली. क्लेमेंट १५३८ पर्यंत जिवंत होता, पण त्याची डाळिंबं छतावर तशीच राहिली. शिडी लावायचा कंटाळा, खर्च, की राणीबद्दलची माया, ते तो कुठे लिहून गेलेला नाही. मी प्रत्येक वेळी मान दुखेपर्यंत तीच शोधत बसतो.

१२. मध्ययुगीन घरात चिनी वॉलपेपर आणि व्हेनिसची खिडकी कशी काय?

बैठकीच्या एकाच खोलीत तीन काळ आहेत. भलीमोठी कोरीव चूल सेल्बींची, सतराव्या शतकाच्या सुरुवातीची. मधे उंच कमान आणि दोन बाजूंना बुटक्या चौकटी असलेली खिडकी अठराव्या शतकातली, तेव्हा इटालियन वळणाची खिडकी नसेल तर घर मागासलेलं ठरे. हाताने रंगवलेला चिनी वॉलपेपर पूर्वेकडच्या व्यापारातून आला. शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ही खोली खटकते. मला ती सगळ्यात प्रामाणिक वाटते. लोक घरात राहत होते, संग्रहालयात नव्हे.

१३. चौकातलं कुत्र्याचं घर खरंच संरक्षित वास्तू आहे?

हो, आणि ग्रेड एक, म्हणजे सर्वोच्च दर्जाची. १८९० च्या दशकात डायडो नावाच्या सेंट बर्नार्ड कुत्रीसाठी ते बांधलं. कौलारू, लाकडी सांगाड्याचं, मोठ्या घराचंच पिल्लू. आतला अंधार बघता पाच-सहा वर्षांचं मूल आरामात मावेल. कोणाच्या मुलाने खात्री करून घेतली ते सांगत नाही.

१४. विसाव्या शतकात हे घर पाडायच्या बेतात होतं, हे खरं का?

१९५१ मध्ये सर थॉमस कोल्यर-फर्ग्युसन वारले. घरातलं सामान लिलावात गेलं आणि घराचं काय होणार ते कळेना. युद्धानंतरच्या त्या वर्षांत इंग्लंडमध्ये अशी घरं शेकड्यांनी पाडली गेली. वारसाकर जबर, नोकर मिळेनात, छपरं गळत होती. जवळपासच्या तीन व्यावसायिकांनी घर विकत घेतलं, ते केवळ योग्य माणूस मिळेपर्यंत टिकवून धरायला.

तो माणूस १९५३ मध्ये मिळाला: चार्ल्स हेन्री रॉबिन्सन, अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या पोर्टलंडचा व्यावसायिक. घर घ्यायचं ठरवून परत जाताना बोटीवर त्याचं मन बदललं, त्याने नकाराचं पत्र लिहिलं, पण ते टपालात पडलंच नाही, असं सांगतात. १९८५ मध्ये तो वारल्यावर घर नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुनी घरं आणि जागा जपणाऱ्या संस्थेकडे, आलं. त्याची लायब्ररी तशीच राखली आहे. चौदाव्या शतकातून येऊन एकदम विसाव्या शतकातल्या आरामखुर्चीसमोर उभं राहायला होतं.

१५. दुरुस्तीत अर्धं घर नवं झालं म्हणतात. मग आपण जुनं म्हणून काय बघतो?

हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि तो विचारणारे बहुतेक सिव्हिल इंजिनिअर असतात.

१९८९ ते २००४ अशी पंधरा वर्षं काम चाललं आणि एक कोटी पौंडांहून जास्त खर्च आला. घराचा एकेक भाग उकलायचा, प्रत्येक तुळई, दगड आणि काठीची नोंद करायची, कुजलेलं तेवढंच कापायचं आणि परत जोडायचं, अशी पद्धत होती. अख्खी तुळई फेकून नवी घालणं सोपं आणि स्वस्त. इथे तुळईचं किडलेलं टोक कापून तेवढाच नवा ओकचा तुकडा सांध्याने जोडतात. जवळून बघितलंत तर रंगातला फरक कळतो. तो लपवलेला नाही, कारण पुढच्या माणसाला कळलं पाहिजे की हा तुकडा कोणाचा.

जुन्या घरांत खरा त्रास अनेकदा जुन्यापेक्षा जुन्या दुरुस्तीचा असतो. चुना श्वास घेतो, भिंतीतली ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा फासला की ओल आतच अडकते आणि मागचं लाकूड गुपचूप कुजतं. पुण्या-साताऱ्याकडे वाडा असलेल्या ज्यांनी ‘एकदाच पक्कं काम’ म्हणून सिमेंट मारून घेतलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

तेव्हा किती जुनं? हॉलचं छप्पर चौदाव्या शतकातलं, हे निर्विवाद. बाकी भिंतीसमोर उभं राहून ‘हे कोणत्या साली?’ असं विचारलंत, तर एकाच भिंतीची तीन-चार उत्तरं मिळतील आणि सगळी बरोबर असतील.

१६. भिंतीत गाडलेल्या बाईची गोष्ट?

डेम डोरोथी सेल्बीने १६०५ चा बारूद-कट (राजासकट पार्लमेंट उडवून देण्याचा बेत) फोडला, म्हणून तिला भिंतीत चिणून मारलं आणि नंतर कामगारांना सांगाडा सापडला, अशी ती गोष्ट. डोरोथी १६४१ मध्ये वारली, म्हणजे कटानंतर छत्तीस वर्षांनी. आयटमच्या चर्चमध्ये तिचं सुंदर स्मारक आहे. तिच्या कलेने तो कट उघड केला, अशा अर्थाची ओळ त्यावर कोरलेली आहे. ती भरतकामात निपुण होती आणि कटाचं चित्र तिने कापडावर भरलं होतं, तेव्हा त्या ओळीचा रोख बहुधा सुईकडे आहे. बाकी सगळं लोकांनी भरलेलं.

१७. लंडनहून एका दिवसात होतं का? आणि जोडून काय बघावं?

होतं. जवळचं स्टेशन बरो ग्रीन, पण तिथून चालत जायचं म्हणजे चांगली तंगडतोड, टॅक्सी आधीच सांगून ठेवा. गाडी असेल तर उत्तमच. उघडण्याच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, निघण्याआधी बघा. आई-वडिलांना नेणार असाल तर जिने अरुंद आणि पायऱ्या झिजलेल्या आहेत, हे धरून चला. चौक, हॉल आणि बाग एवढ्यावरही दुपार छान जाते.

त्याच दिवशी जमलं तर पेन्सहर्स्ट प्लेस बघा. प्रश्न ६ मधली जमिनीच्या मधोमध असलेली शेगडी तिथल्या १३४१ च्या हॉलमध्ये अजून आहे. सवड काढून लांब जाणार असाल तर श्रॉपशरमधलं स्टोकसे कॅसल. नावात कॅसल, पण घर लोकरीच्या व्यापाऱ्याचं, आणि कठड्यांची राजाची परवानगी १२९१ ची. डर्बिशरमधल्या हॅडन हॉलचं जुनं स्वयंपाकघर चुकवू नका. आणि चेशरमधलं लिटल मोरटन हॉल: बांधता बांधता मालकाला वर लांबलचक गॅलरी हवीशी वाटली, ती चढवली, आणि तिच्या वजनाने खालचं सगळं घर कायमचं वाकडं होऊन बसलं. गॅलरीच्या जमिनीवर गोटी ठेवून बघायचा मोह होतो, पण तिथले स्वयंसेवक डोळे वटारतात.